तेरावा हप्ता

१

एकतीस मार्चला माझ्या ऑफिसात कुणी पंख्याचं बटण दाबलं तरी मी खेकसते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका जिन्यावर माझ्या दोन खोल्या. दारावर पाटी, दानेश्वरी बागेवाडी, कर सल्लागार. आत वर्षभर झोपलेली आणि शेवटच्या दिवशी जागी झालेली व्यापारी मंडळी. २००४ सालच्या एकतीस मार्चला दुपारी श्रीशैल आत आला आणि हातातली जड पिशवी त्याने सरळ माझ्या कीबोर्डवर ठेवली. पडद्यावर कुणाच्या तरी उत्पन्नापुढे शून्यांची रांग लागली.

"अरे, तुझ्या!" मी पिशवी उचलून त्याच्या छातीवर दिली. "काय आहे हे?"

"सत्तर हजार. बँकेनं घेतलं न्हाईत, मॅडम."

"पैसे न घेणारी बँक कुठली रे?"

"म्हणत्यात, या खात्यात वर्षाचं बारा हप्तं भरून झाल्यात. तेरावा चालत न्हाय."

श्रीशैल म्हणजे हुपरीच्या मल्लव्वाक्कांच्या बहिणीचा मुलगा. मल्लव्वाक्कांचा चांदीच्या पैंजणांचा कारखाना आहे. नवरा गेल्यावर त्यांनी तो एकटीने चालवला. मूलबाळ नाही, म्हणून लहानपणीच या भाच्याला आणला, शिकवला आणि कामाला जुंपला. आता तो तिशीचा होता आणि कारखाना पुढे त्याचाच, हे सगळी हुपरी धरून चालली होती.

नोकरदाराचा पीएफ पगारातून आपोआप कापला जातो. धंदेवाल्याला आपलं म्हातारपण आपणच बघावं लागतं, त्यासाठी पीपीएफचं खातं. त्याचे नियम सोपे आहेत. वर्षाला जास्तीत जास्त सत्तर हजार भरा, करात सूट घ्या, पंधरा वर्षं विसरून जा. एकदम भरा नाहीतर हप्त्याने, पण हप्ते वर्षाला बाराच. मल्लव्वाक्का माझ्या सांगण्यावरून दर मार्चअखेर एकदाच भरायच्या. माझ्या सॉफ्टवेअरने त्यांच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत सत्तर हजार दाखवले होते. रक्कम मर्यादेत आहे की नाही तेवढंच ते बघायचं. ती किती वेळा भरली हे विचारायला त्यात रकानाच नव्हता.

"पासबुक भरून आणलंस?"

त्याने पुढे केलं. एप्रिलपासून मार्चपर्यंत दर महिन्याला एक अशा बारा नोंदी होत्या. कधी साडेतीनशे, कधी सातशे, एकदा हजाराच्या जवळ. सगळे मिळून आठ हजारही नव्हते. पण त्या बारा चिल्लर नोंदींनी दार बंद केलं होतं. सत्तर हजार बाहेर राहिले आणि वर्षाची सूट बुडाली.

"हे तू भरलेस?"

"न्हाय."

"दोड्डव्वांनी?" आईच्या थोरल्या बहिणीला त्यांच्याकडे दोड्डव्वा म्हणतात.

"त्या बँकेची पायरी चढत न्हाईत, तुम्हाला ठावं हाय की."

दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढणारे चोर मी पुष्कळ पाहिलेत. दुसऱ्याच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला इमानेइतबारे पैसे टाकून जाणारा चोर माझ्या बघण्यात हा पहिलाच. मी विचार करते आहे तोवर फोन वाजला.

"दानव्वा," मल्लव्वाक्कांचा आवाज रिसीव्हर कानापासून लांब धरूनही ऐकू येतो. "बँकेतनं फोन करून श्रीशैलनं सांगितलं मला. त्यो तिथं हाय न्हवं? त्येला बसवून ठेव. मी येतीया. चोर घरातच हाय."

२

त्या दिवेलागणीला आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

"महालिंग भावजींनी माझं डोळं उघडलं," त्या म्हणाल्या. "ह्यो कारखान्यातली चांदी चिमूट चिमूट चोरतोय. इकून आल्यालं पैसं माझ्याच खात्यात दडवतोय."

महालिंग त्यांचे दीर. कोल्हापुरात गुजरीत, सराफांच्या गल्लीत, त्यांचं दुकान आहे. भावाच्या वाट्याचा कारखाना विधवेकडे गेला ही गोष्ट त्यांच्या घशात अजून अडकलेली होती.

"तुमचं चोरून तुमच्याच खात्यात भरणारा चोर असेल तर मलाही एक पाठवा," मी म्हटलं.

"चेष्टा नको. खात्याला वारस म्हणून नाव कुणाचं हाय? ह्येचंच. मी मेल्यावर बिनबोभाट मिळतंय. आणि माझ्या खात्याचा नंबर मी, ह्यो आणि तू, तिघांशिवाय कुणाला ठावं न्हाय. तू भरलीस का?"

"मी कशाला भरू?"

"मग राह्यलं कोण?"

मी श्रीशैलकडे पाहिलं. त्याने काहीतरी बोलावं अशी माझी फार इच्छा होती. तो भिंतीकडे बघत उभा होता.

"अरे, बोल की बाबा!"

"काय बोलू? न्हाय म्हटलं एकदा. लहानपणापासनं राबतोय. पगार मागितला न्हाय, हिशेब मागितला न्हाय. तरी बी शपथ घ्यायची पाळी आली आसंल, तर राहू दे."

"बघ, कसा मुजोर झालाय!" मल्लव्वाक्कांचा आवाज चिरकला. "सोमवारी सकाळी कारखान्याच्या किल्ल्या भावजींच्या पोराला देणार. हा त्येच्या वाटंनं जाऊ दे."

हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते रागाने पुसलं. मला त्यांचाही राग आला आणि त्या मुक्या गाढवाचाही. सोमवारपर्यंत मध्ये तीन-चार दिवस होते.

"अक्का, सोमवारच्या आत मी माणूस शोधते. श्रीशैल निघाला तर मीच किल्ल्या काढून देईन. तोवर कुणाला काही देऊ नका."

"आणि दुसरा कोण निघाला तर?"

"तर तुम्ही या पोराची माफी मागायची. माझ्यासमोर."

पिशवी उचलून त्या जिना उतरल्या. श्रीशैल मागे गेला नाही.

३

वार्षिक हिशेबाची सुट्टी संपून शुक्रवारी बँक उघडली, तेव्हा मी दारातच उभी होते. भरणा स्लिपा गोदामात गेल्या होत्या. महिनाभर तरी सापडणार नाहीत, असं कारकुनाने मोठ्या समाधानाने सांगितलं.

"भरणारा आठवतो का?"

"मॅडम, खिडकीसमोर रांग किती असते! तोंड कोण बघतंय?"

"मग काय बघता?"

"नोटा. आणि ह्या खात्याच्या नोटा चांगल्याच आठवतात. पाचाच्या, दहाच्या, एखादी पन्नासाची. चुरगाळलेल्या. एवढ्याशा रकमेला मोजायला माझा जीव जातो. एकदा पाचाच्या पटीत रक्कम नव्हती म्हणून परत पाठवलं. पुढच्या खेपेपासून बरोबर पटीत आणायला लागले."

ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. चांदीच्या धंद्यात शंभराच्या खालची नोट कुणी खिशात ठेवत नाही.

तिथून गुजरीत गेले. महालिंग गादीवर तक्क्याला टेकून बसले होते. मी चहा नको म्हटलं तरी त्यांनी मागवला.

"वहिनींच्या खात्याचं काय झालं, कळलं का?" मी सहज विचारलं.

"न कळायला काय झालं? पोरगं हुशार हाय. बारा येळा भरलं, थोडं थोडं. कुणाच्या नजरंत येऊ नये म्हणून."

"तुम्ही कारखान्यात शेवटचे कधी गेला होता?"

"भाऊ गेल्यापासनं उंबरा वलांडला न्हाय. बोलवल्याशिवाय जायाची सवय न्हाय आमाला." मग हसले. "आता बोलवणं आलंय. सोमवारी जाणार."

चहा घेऊन बाहेर पडले आणि चार पावलांवर थबकले. हप्ते बारा होते हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी फक्त खात्याचं काय झालं एवढंच विचारलं होतं.

४

समोरच्या दुकानातून हुपरीला फोन लावला.

"अक्का, महालिंगना बारा हप्ते कुणी सांगितले?"

"मीच की. फोनवरनं सांगितलं. वरडून सांगितलं. आख्ख्या गल्लीला कळलं आसंल."

माझा संशय तिथेच मेला. आवाजाला काहीतरी मर्यादा असावी अशी नोटीस या बाईला कुणीतरी द्यायला हवी.

शनिवारी ऑफिसला आतून कडी लावून मी बसले. चोर पकडायचा असेल तर आधी त्याला काय हवं आहे ते बघावं. पीपीएफमध्ये टाकलेला पैसा पंधरा वर्षं नीट हलत नाही, आणि हलला तरी खातेदाराच्या सहीने. म्हणजे ज्याला पैसे परत हवेत तो इथे ठेवणारच नाही. चोरीचा पैसा दडवणारा माणूस तो आपल्या हाताशी ठेवेल. राहिला वारसाहक्क. पण श्रीशैलला कारखानाच मिळायचा होता. त्याने त्यासाठी पाच-दहाच्या नोटा गोळा करत फिरावं, हे काही माझ्या गळी उतरेना.

मग संगणक उघडला. मल्लव्वाक्कांच्या धंद्याचे आकडे त्यात महिन्यावारी होते, कारण कर काढायला मजुरीचा खर्च लागतो. बारा हप्ते मी त्या बारा महिन्यांसमोर मांडले. सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे सगळं हिरवं दाखवलं. त्याला काय, आकडा मर्यादेत असला की झालं. मी मात्र बघतच राहिले.

पितृपंधरवड्यात चांदी कुणी घेत नाही, काम थंड पडतं. त्या महिन्याचा हप्ता सगळ्यांत लहान होता. दिवाळीआधी कारखाना धावतो, तेव्हाचा हप्ता मोठा. लग्नसराईचा त्याहून मोठा. मजुरी चढली की हप्ता चढला, मजुरी उतरली की उतरला. बारापैकी एकही महिना चुकला नव्हता.

श्रीशैलला मजुरी नव्हती. महालिंगांचा या मजुरीशी संबंध नव्हता. हा माणूस मल्लव्वाक्कांच्या कामावर जगणारा होता, नगावर पैसे घेणारा होता. नोटा इतक्या बारीक, म्हणजे एकट्याच्या नसाव्यात. आणि पैसा असा अडकवून ठेवतोय, म्हणजे त्याला तो आज नको आहे, म्हातारपणी हवा आहे.

पण स्वतःचं म्हातारपण कुणी मालकिणीच्या खात्यात ठेवतं का? याचं उत्तर कोल्हापुरात नव्हतं. ते हुपरीत होतं.

५

रविवारी एसटीत उभी राहून गेले. जोतिबाच्या यात्रेला निघालेल्यांनी स्टँड तुडुंब भरला होता. गडमुडशिंगी मागे पडेपर्यंत माझ्या पायावर कुणाची तरी पिशवी होती.

मल्लव्वाक्कांचा कारखाना म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. एका बाजूला भट्टी आणि मशीन, दुसऱ्या बाजूला चटईवर सात बायका पैंजणांना घुंगरं लावत बसलेल्या. एरवी त्या घरी नेऊनच काम करतात, पण लग्नसराईत इथे बसतात. श्रीशैल भट्टीपाशी होता. सोमवारी जायचं म्हणून रविवारी काम टाकणाऱ्यांतला तो नव्हता. महालिंगही आले होते. बोलावणं आल्यामुळे एक दिवस आधीच आले असावेत, आणि मुलाला खोलीची लांबी दाखवत होते.

"बस, दानव्वा," मल्लव्वाक्का टेलिफोनजवळच्या आपल्या जागेवरून म्हणाल्या.

मी बसले नाही. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत राहिले. फोन असलेल्या प्रत्येक दुकानात असतात तसे तिथे कोळशाने नंबर लिहिलेले होते. वाण्याचा, डॉक्टरचा, मदुराईच्या व्यापाऱ्याचा. सगळ्यांत वर, ठळक, एक लांबलचक आकडा होता. तो फोनचा नव्हता.

"अक्का, तुमच्या खात्याचा नंबर तिघांनाच ठाऊक आहे ना?"

"तिघांनाच."

"मग तुमच्या डोक्यावर काय लिहिलंय?"

त्यांनी मान वळवून पाहिलं. "त्यो मी इसरू नये म्हणून लिवलाय," त्या म्हणाल्या.

मी चटईकडे वळले. "बायांनो, बँकेत दर महिन्याला पैसे भरायला तुमच्यातलं कोण जातं?"

मला वाटलं, माना खाली जातील. एकही गेली नाही. मधली एक चाळिशीची बाई हातातलं काम बाजूला ठेवून म्हणाली, "मी जातीया. नजीरा माझं नाव. सासूच्या औषधाला महिन्याला कोल्हापूरला जावं लागतंय, तवा भिंतीवरच्या त्या नंबरावर भरून येतीया. का? कमी पडलं का काय?"

मल्लव्वाक्का उठून उभ्या राहिल्या.

"तू? माझ्या खात्यात? चोरून?"

"चोरून कशाला, मालकीणबाई? तुमच्याच पासबुकात दिसतंय की सगळं. आमी म्हटलं, तुमी बघत आसाल."

मल्लव्वाक्का पासबुक वर्षातून एकदा, मार्चअखेर भरून मागवत. त्याआधी ते कुणी उघडत नव्हतं.

"पण का भरलंत?" मी विचारलं.

नजीराने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. "गेल्या साली सूतगिरणीत बायका घेत हुते. आमी साती जणी निघालो हुतो. पगार कमीच हुता, पर पीएफ हुता. तवा मालकीणबाई या दारात उभ्या राहून म्हणाल्या, जाऊ नका. तुमच्या म्हातारपणाचं मी बघतीया. दरसाल बँकेत भरतीया ते काय माझ्या एकटीसाठी? म्हणाला हुता का न्हाय?"

मल्लव्वाक्कांची नजर दाराकडे गेली.

"मग आमी राह्यलो. माझा दीर गिरणीत हाय. त्येनं सांगितलं, मालक आपला वाटा भरतोय, कामगारानं आपला भरायचा. शंभराला बारा. मालकीणबाईंनी भरल्यावर आमी फुकट बसायचं व्हय? दर महिन्याला साती जणींची मजुरी मांडायची, शंभराला बारा काढायचं, पाचाच्या पटीत करायचं आणि भरायचं. एक महिना चुकवला न्हाय." मग ती थांबली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "आमचा वाटा भरलाय. तुमचा किती झाला, तेवढं सांगा की."

६

माझा राग कुणावर काढावा तेच मला कळेना. या सात जणींनी वर्षभर पोटाला चिमटा काढून बाईच्या एका शब्दावर पैसे टाकले होते, आणि त्यातच तिची करसूट बुडाली होती. पण सांगायचं ते सांगावंच लागलं.

"नजीराबाई, ऐका. त्या खात्यातली पै न् पै कायद्याने मल्लव्वाबाईंची आहे. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर वारसाची. तुमचा त्यावर काडीचा हक्क नाही. तुम्ही त्यांच्या नोकर नाही, नगावर मजुरी घेता. तुमच्या मालक तुम्हीच आणि कामगारही तुम्हीच. खातं ज्याच्या त्याच्या नावावर लागतं, आणि दोन्ही वाटे तुम्हालाच भरावे लागतात."

सात जणींनी एकमेकींकडे पाहिलं. टोकाची एक म्हातारी पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"वैनी, पैसं परत दे आणि मोकळी हो," महालिंग म्हणाले. "बायकांच्या नादाला कुठं लागतीस?"

"भावजी, तुमी घरला जावा," मल्लव्वाक्का म्हणाल्या.

"आगं, पण उद्या सोमवार..."

"जावा म्हटलं न्हवं! पोराला बी न्या."

ते गेले. मल्लव्वाक्का चटईपाशी आल्या आणि त्या सात जणींसमोर खाली बसल्या. त्यांना खाली बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की भट्टीचा भाता बंद करावा लागला. "तुमी गेला असता तर ऑर्डर बुडाली असती. म्हणून तोंडाला आलं ते बोलले. मी माझ्या एकटीचंच भरत हुते. घरी गेल्यावर इसरून बी गेले, आणि तुमी..."

नजीराने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. माफ केलं असं मात्र म्हणाली नाही.

पाणी पिऊन मल्लव्वाक्कांनी माझ्याकडे मान वळवली. "दानव्वा, हेंची खाती उद्या निघत्यात का?"

"निघतात. फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागेल. उद्या पाच तारीख आहे. उद्या भरलं तर या महिन्याचं व्याजही मिळेल."

"मग उद्याच. हेंचं बारा महिन्यांचं पैसं मी माझ्या पदरचं देती. त्येच्यावर माझा वाटा, शंभराला बारा. परत आलेल्या सत्तरातनंच भर. आणि हितनं फुडं दर महिन्याला."

"अक्का, तुम्ही त्यांच्या खात्यात भरलेल्यावर तुम्हाला करात सूट मिळणार नाही," मी म्हटलं. हे सांगणं माझं कामच होतं.

"मागितली का मी?"

मग त्या उठल्या आणि भट्टीकडे गेल्या. श्रीशैल चिमट्याने कोळसे सारखे करत होता. मला दिलेला शब्द त्यांनी पाळला. माझ्यासमोर, सगळ्यांसमोर, त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. त्याने घाईघाईने ते खाली केले.

"तुला म्या चोर म्हटलं, श्रीशैल. चुकले मी. उद्या किल्ल्या घे. कारखाना तुझा."

मला वाटलं, आता हा रडणार किंवा पाया पडणार. त्याने चिमटा बाजूला ठेवला, हात पुसले.

"कारखान्याचं मागनं बघू, दोड्डव्वा," तो म्हणाला. "उद्या आठ खाती काढा. आठवं माझं. माझा बी वाटा शंभराला बारा."

"आरं, तुला कशाला? सगळंच तुझं न्हवं का?"

"ह्या बायांस्नी बी तुमी असंच सांगितलं हुतं."

मल्लव्वाक्का माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "दानव्वा, आठ काढ. आणि ह्येचा पगार किती धरायचा, ते ह्येलाच इचार."